शेळीचं व्यक्तिचित्र

शेळी चित्रकारासाठी थांबत नाही. तिला खुर्चीवर बसवता येत नाही, मान जरा डावीकडे करा असं सांगता येत नाही, आणि कागदावर पहिली रेघ पडेपर्यंत ती बांधापलीकडे गेलेली असते. भिवंडी तालुक्यात दिघाशीसारख्या गावात, भाताची लावणी चालू असताना, मांडीवर कागद घेऊन बसलं तर चित्र काढावं असं पुष्कळ काही समोर असतं. खाचरात साचलेलं पाणी, त्या पाण्यात उतरलेलं आभाळ, वाकून आवण लावणाऱ्या बायका, चिखलात बसलेल्या म्हशी, त्यांच्या पायांत घुटमळणारे गायबगळे. यातलं काहीही पाच मिनिटांनी तसंच राहत नाही. ढग सरकला की पाण्याचा रंग पालटतो, म्हैस उठते, बाई ओळ संपवून पुढे जाते. आणि हातात जलरंग असतील तर तेही वाट बघत नाहीत. ओला कागद वाळायला लागला की त्याच्या वेळेनुसार वागावं लागतं.

या प्रकरणात जलरंगातली व्यक्तिचित्रं आणि जनावरांची गमतीदार चित्रं मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. आपल्याकडे व्यक्तिचित्र हे भारदस्त काम मानलं जातं आणि बोकड, मांजर, कावळा काढणं हे लहान मुलांच्या पुस्तकासाठी. मला ही उतरंड चुकीची वाटते. माणसाचा चेहरा त्याच माणसाचा वाटायला जी नजर लागते, तीच नजर शेळीला ती विशिष्ट शेळी करते. शेळीला चष्मा लावून हसवायचं असेल तेव्हा तर ती नजर अधिकच लागते. जलरंग या नजरेची परीक्षा घेतात, कारण त्यात चूक झाकता येत नाही.

ती का झाकता येत नाही, हे आधी पाहू. जलरंगाच्या वडीत मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याची अतिशय बारीक पूड आणि ती कागदाला धरून ठेवणारा, बाभळीच्या कुळातल्या झाडाचा डिंक. पाणी हे फक्त वाहन. ते उडून जातं आणि कागदाच्या तंतूंवर रंगाचा पातळ थर उरतो. हा थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि रंगातून गाळून पुन्हा आपल्या डोळ्यांकडे येतो. जलरंगाची झळाळी ती हीच. तैलरंगात चुकलेल्या जागी दुसऱ्या दिवशी जाड रंग चढवून नवा चेहरा काढता येतो. इथे चुकीवर दुसरा थर दिला की चूकही दिसते आणि थरही दिसतो, आणि तिसऱ्या थराला कागद मळकट होतो. शिवाय पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरायचा नसतो. चित्रात जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा, आणि तो निर्णय सुरुवातीलाच घ्यायचा. फिक्याकडून गडदाकडे जाता येतं, उलट वाटेने येता येत नाही.

म्हणून गायबगळा काढायचा तर बगळा काढायचाच नसतो. त्याच्याभोवतीचं हिरवं शेत रंगवायचं, आणि रंग जिथे थांबतो तिथे बगळा उभा राहतो. चोच आणि पाय तेवढे नंतर. हे करताना बगळ्याची मान कुठे वळते, छाती कुठे फुगते, हे आधीच पक्कं माहीत नसेल तर हिरवा रंग आत शिरतो आणि बगळ्याचं बदक होतं. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. हा त्यांचा विणीचा काळ. डोकं, मान आणि पाठीवर फिकट नारिंगी पिसं येतात. एरवी पांढरा दिसणारा पक्षी जुलैत अर्धा नारिंगी असतो, आणि तरी बहुतेक चित्रांत तो पांढराच रंगवलेला असतो, कारण चित्रकाराने डोक्यातला बगळा काढलेला असतो, शेतातला नाही.

म्हशीचं याच्या उलट. म्हैस काळी, असं आपण म्हणतो आणि काळ्या वडीत कुंचला बुडवतो. मग कागदावर एक भोक पडल्यासारखं दिसतं. चिखलातून उठलेल्या म्हशीच्या पाठीकडे नीट पाहावं. पाठ ओली असते आणि वर आभाळ असतं, म्हणून पाठीचा वरचा भाग निळसर करडा, जवळजवळ चंदेरी दिसतो. पोटाखाली चिखलाचा तांबूस उजेड परतून आलेला असतो. कानामागे आणि कासेजवळ त्वचा गुलाबी तपकिरी असते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोन रंग कागदावरच एकमेकांत मिसळू दिले तर या सगळ्या छटा त्यातून मिळतात, आणि काळी वडी पेटीत तशीच राहते.

हवामान हा या माध्यमातला तिसरा भागीदार आहे. युरोपातली शिकवणीची पुस्तकं सांगतात की पहिला हात वाळू द्या आणि मग दुसरा द्या. तानसा नदीच्या या पट्ट्यात, वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या आसपास, जुलै महिन्यात पहिला हात तासभर वाळत नाही. हवेतच इतकं पाणी असतं. अशा दिवसांत ओल्यावर ओला रंग सोडण्याची पद्धत वापरावी: ढग, धुकं, दूरचे डोंगर, पाण्यातली प्रतिबिंबं आपोआप येतात, कारण कडा विरघळतातच. चेहऱ्याचे बारकावे मात्र त्या दिवसांत पंख्याखालीच जमतात. एप्रिल-मेमध्ये नेमकं उलटं होतं. रंगाची कड कुंचला परत येईपर्यंत वाळून कडक रेघ होते. त्या महिन्यांत सकाळी लवकर बसावं, पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाकावा. पावसाळ्यात कागदाची आणि रंगांचीही काळजी घ्यावी लागते. डिंक हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे आणि कागदाला दिलेली खळही तिला चालते. ओली पेटी बंद करून ठेवली की आठवड्यात वड्यांवर पांढरी लव दिसते.

व्यक्तिचित्राकडे येताना सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्यापासून सुरुवात करणं योग्य. जन्म १८८२, सावंतवाडीचा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण, मग १९०८ मध्ये मुंबईत स्वतःचे कलावर्ग, आणि १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत वाटा. पण महाराष्ट्राबाहेर ते ओळखले जातात एका चित्रामुळे, आणि त्यातही अर्ध्या लोकांना त्यांचं नाव माहीत नसतं. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात हे चित्र आहे: साडी नेसलेली एक तरुणी, हातात दिवा, आणि ज्योत विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने त्याच्या असंख्य प्रती देशभर घराघरांत पोचल्या. कित्येक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. पाहायला येणारे बहुतेक जण ते तैलरंगातलं असणार असं गृहीत धरतात. ते जलरंगात आहे, आणि समोर उभी होती हळदणकरांची मुलगी.

या चित्रात तांत्रिकदृष्ट्या काय घडलं आहे ते समजून घेण्यासारखं आहे. दिव्याचा उजेड हा सगळ्यात उजळ भाग, म्हणजे तिथे कागद जवळजवळ कोराच राहिला पाहिजे. त्या कोऱ्या कागदाला उजेड म्हणून उभं करायचं तर बाकी सगळं चित्र अंधारात न्यावं लागतं. तेही हळूहळू, थरावर थर देत, एकही डाग न पडू देता, आणि हे जलरंगात. बोटांच्या मधून ज्योत पाझरते तिथे त्वचा लालसर होते, कारण प्रकाश बोटांच्या कडांमधून, रक्तामधून येतो. टॉर्चवर तळहात ठेवून पाहिलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. हळदणकरांनी ही लाली नेमकी बोटांच्या कडांवर ठेवली आहे. एक छटा जास्त झाली असती तर हात भाजल्यासारखा दिसला असता. चेहऱ्यावर खालून उजेड पडतो तेव्हा ओळखीचा चेहराही अनोळखी होतो. हनुवटी आणि नाकाची खालची बाजू उजळते, डोळ्यांवर सावली जाते. तरीही ही मुलगी शांत, घरातली दिसते. आपल्या लेकीचा चेहरा बापाला इतका पाठ होता की उजेड उलटा झाला तरी ती हरवली नाही, असं मला हे चित्र पाहताना दर वेळी वाटतं.

त्वचेच्या रंगाबद्दल दोन शब्द. इंग्रजी पद्धतीच्या रंगपेट्यांत ‘फ्लेश टिंट’ नावाची एक गुलाबी वडी असायची, आणि आपल्या पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती वापरून भाजीवाल्या मावशींना आणि आजोबांना गुलाबी केलं. उन्हात काम केलेल्या सावळ्या चेहऱ्यावर दुपारी बाहेर पाहिलं तर कपाळावर आभाळाचा निळा स्पष्ट दिसतो. गालाच्या बाजूला पिवळी माती, जबड्याखाली अंगणातल्या शेणसारवणाचा हिरवट तपकिरी परतावा. सावळी त्वचा सभोवतालचे रंग गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त उघडपणे धरते. जलरंगाला ही त्वचा फार मानवते, कारण तिथेही थरांखालून थर दिसत असतो.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या जलरंगांकडे वळलं की एक वेगळा प्रश्न समोर येतो. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये जे. जे.मध्ये विद्यार्थी म्हणून आले आणि तिथेच शिक्षक झाले. त्या वर्षांचं त्यांनी लिहिलेलं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक आजही वाचावं असं आहे. माणसांच्या गर्दीची त्यांच्याइतकी जाण असलेला चित्रकार त्या काळात दुसरा नव्हता. नऊवारीचा काष्टा, डोक्यावरची पाटी सावरणारा हात, बाजारात उभं राहण्याची ढब हे त्यांच्याकडून शिकावं. ऑटो रॉथफील्ड या अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी त्यांनी प्रांतोप्रांतीच्या, जातीजातींच्या स्त्रियांची रंगीत चित्रं केली. ती सुंदर आहेत. पण त्या पुस्तकात प्रत्येक बाई ही कुठल्यातरी जातीचा किंवा प्रांताचा नमुना म्हणून उभी आहे. साडी अचूक, दागिने अचूक, आणि तिचं नाव नाही. साहेबाला हिंदुस्थानातल्या लोकांची यादी हवी होती, आणि चित्रकाराने आपलं सगळं कसब त्या यादीला दिलं.

हा धुरंधरांवरचा ठपका नाही; तो काळच तसा मागत होता. खंत याची आहे की आपण अजून तेच करतो. आजच्या प्रदर्शनांतून फिरलं की ‘आदिवासी स्त्री’, ‘कातकरी मुलगी’, ‘म्हातारा शेतकरी’ अशी शीर्षकं भिंतभर असतात. सुरकुत्या सुरेख रंगवलेल्या असतात. त्या आजोबांचं नाव, ते कुठले, समोर बसायला त्यांची परवानगी होती का, यातलं काही नसतं. भिवंडी आणि शहापूर तालुक्यांच्या पाड्यांवर हौशी चित्रकारांचे गट जातात तेव्हा मला हे फार जाणवतं. ज्याचा चेहरा आपण दोन तास पाहिला त्याला नाव विचारावं, चित्र झालं की आधी त्याला दाखवावं, आणि त्याची हरकत नसेल तर शीर्षकात ते नाव लिहावं. नाव माहीत असलेल्या माणसाचं चित्र वेगळं होतं. हात आपोआप नमुना शोधायचं थांबवतो.

जनावरांच्या चित्रांतही हाच फरक आहे, आणि तो पाहायला जहांगीर बादशहाच्या दरबारात जावं लागतं. उस्ताद मन्सूर हा त्याचा चित्रकार, ‘नादिर-उल-अस्र’ म्हणजे आपल्या युगातलं आश्चर्य, असा त्याला किताब होता. १६२१ मध्ये बादशहाकडे अ‍ॅबिसिनियाकडून एक झेब्रा आला. लोकांना वाटलं की कुणीतरी घोड्यावर पट्टे रंगवले आहेत. खात्री करून घेतली तेव्हा पट्टे खरे निघाले, असं जहांगीर स्वतः नोंदवून ठेवतो. मन्सूरने त्या झेब्र्याचं चित्र काढलं, पाण्यातल्याच पण अपारदर्शक रंगांत, आणि ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पट्टे मानेवर कसे उभे आणि मांडीवर कसे आडवे होत जातात ते त्याने मन लावून पाहिलेलं दिसतं. ते झेब्रा जातीचं चित्र आहेच, पण त्याहून जास्त ते त्या एका, दूरदेशातून आलेल्या जनावराचं आहे. त्याआधी शंभरावर वर्षं, १५०२ मध्ये, जर्मनीत आल्ब्रेश्ट ड्यूररने जलरंगात एक ससा रंगवला होता. त्या सशाच्या डोळ्यात खिडकीची चौकट चमकते. म्हणजे तो रानातला कुठलातरी ससा नव्हता, चित्रकाराच्या खोलीत होता. एवढ्या एका ठिपक्याने त्या सशाला पत्ता मिळाला.

आता शेळीकडे परत येऊ. तिच्या डोळ्याची बाहुली आडवी, चौकोनी पट्टीसारखी असते. चरताना मान खाली गेली तरी डोळा खोबणीत फिरतो आणि ती पट्टी जमिनीला समांतर राहते. दोन्ही बाजूंनी येणारा शिकारी दिसावा म्हणून. शेळीच्या चेहऱ्यावर जो काहीसा तटस्थ, काहीसा आगाऊ भाव आपल्याला वाटतो त्यातला मोठा भाग या आडव्या बाहुलीचा आहे. गोल बाहुली काढली की शेळीचं कुत्रं होतं. तबेल्यातल्या मुऱ्हा म्हशीची शिंगं घट्ट पिळलेली असतात, पंढरपुरीची लांब तलवारीसारखी मागे खांद्याकडे जातात. शिंगं चुकली तर गवळी चित्राकडे दुसऱ्यांदा पाहत नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

हे सगळं ठाऊक झाल्यावरच गंमत करण्याचा अधिकार मिळतो. शि. द. फडणीस यांचं काम याचा मोठा पुरावा. बेळगाव जिल्ह्यातल्या भोज या गावी २९ जुलै १९२५ रोजी जन्म, जे. जे.मध्ये कमर्शियल आर्टचं शिक्षण, आणि अनंत अंतरकरांच्या ‘हंस’-‘मोहिनी’ मासिकांसाठी काम. १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं त्यांचं मुखपृष्ठ मराठी वाचकांनी डोक्यावर घेतलं: एका तरुणीच्या साडीवर उंदरांची नक्षी आणि शेजारच्या तरुणाच्या बुशशर्टवर मांजरांची. एवढंच. खाली एक शब्द नाही, आणि फडणीसांच्या चित्रांना पुढेही शब्द लागले नाहीत.

ते चित्र चालतं कशामुळे? पहिली गोष्ट, कापडावरचं जनावर छापलेलं असूनही जनावरच आहे. फडणीसांची रेषा सुबक, जवळजवळ सजावटीची, पण मांजराची पाठ ही मांजराचीच पाठ असते. दुसरी, त्यांच्या चित्रात एकच अशक्य गोष्ट घडते आणि बाकी सगळं जग नेहमीच्या नियमाने चालत राहतं. कापडावरची नक्षी जिवंत असू शकते हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं तर्काला धरून आहे. मांजर उंदरामागे लागणारच, उंदीर पळणारच, आणि ज्यांच्या अंगावर हे चाललंय त्या दोघांची ओळख व्हायला तेवढं निमित्त पुरेसं आहे. तिसरी, त्यांची पात्रं हसत नाहीत. जगावेगळं काही घडत असतानाही त्यांचे चेहरे शांत, आपल्या कामात गढलेले असतात. हसण्याचं काम बघणाऱ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. आजकाल मुलांच्या पुस्तकांत प्रत्येक सशाला बत्तीस दात आणि बशीएवढे डोळे देऊन हसवतात. ससा ओळखूच येत नाही, मग त्याच्या गमतीचं मुलाला काय? फडणीसांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतही चित्रं काढली. आकड्यांना घाबरणाऱ्या मुलांच्या कित्येक वर्गांना त्या चित्रांनी त्या पुस्तकात ओढून नेलं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या चित्रकलेने सामान्य माणसासाठी केलेल्या कामांत याची जागा फार वर आहे.

आर. के. लक्ष्मण यांचे कावळे या ओळीत बसतात. लक्ष्मण मराठी नव्हते, पण त्यांचा मुंबईशी संबंध घट्ट होता, आणि राजकारणावरच्या व्यंगचित्रांमधून सवड मिळाली की ते कावळे काढत बसत, शाईत, जलरंगात, तैलरंगात. आपल्या गावकावळ्याची मान राखाडी असते, आणि त्या राखाडीमुळे त्याचं डोकं टोपी घातल्यासारखं वेगळं उठून दिसतं. मान वाकडी करून एका डोळ्याने पाहण्याची त्याची सवय कुणा चौकस शेजाऱ्याची वाटावी इतकी माणसाळलेली. लक्ष्मणना त्या पक्ष्यावर वेगळे भाव चिकटवावे लागले नाहीत.

वारली चित्रांबद्दल इथे लिहायलाच हवं, आणि फक्त ती याच प्रदेशाची आहेत म्हणून नाही. तीही पाण्यातल्या रंगाची चित्रं आहेत. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करायचा, आणि शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर काढायचं. कागदावरच्या जलरंगात पांढरं सोडतात आणि गडद लावतात; इथे गडद सोडतात आणि पांढरं लावतात. चूक पुसता येत नाही हा नियम मात्र तोच. लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, मधे पालघाट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणत असते. त्या चौकाबाहेर जे जग पसरतं त्यात जनावरं किती आणि कशी आहेत ते पाहावं. माणूस दोन त्रिकोणांचा, जनावरही मोजक्या रेषांचं, आणि तरी बैल, माकड, मोर, कोंबडी, वाघ यांत कुणाची गफलत होत नाही. ओळख सगळी हालचालीत आहे: शेपटीचा बाक, मानेचा कोन, पाय उचलण्याची तऱ्हा.

गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली. लहानपणी आई गेल्यावर कित्येक वर्षं ते बोलत नव्हते आणि मातीत रेघा ओढून मनातलं सांगत, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्या चित्रातल्या मुंग्या, मासे, पाखरं आकाराने टिचभर असतात आणि एकही दुसऱ्यासारखी चालत नाही. वाण्याच्या दुकानातल्या पिशवीवर आणि हॉटेलच्या भिंतीवर जी ‘वारली डिझाइन’ छापलेली दिसते, तिच्यात नेमकं हेच गेलेलं असतं. एकच बैल शंभर वेळा उमटवलेला असतो.

जनावरांची चित्रं काढणाऱ्याने आपल्या हातातल्या वस्तूंकडेही पाहिलं पाहिजे. जलरंगाचा इतिहास जनावरांच्या बाबतीत निर्मळ नाही. इंडियन यलो हा एके काळी युरोपात नावाजलेला पिवळा रंग बिहारमध्ये मुंगेरजवळ आंब्याच्या पानांवर ठेवलेल्या गाईंच्या मूत्रापासून करत, अशी नोंद त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये केली. आता त्या नावाचा रंग रासायनिक असतो. मुंगसाचे कुंचले मात्र अजूनही चोरून विकले जातात. या केसांना नैसर्गिक टोक आणि लवचीकपणा असतो, म्हणून जुने चित्रकार त्यांचं कौतुक करत. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. एका मुंगसापासून वापरण्याजोगे केस फार थोडे मिळतात, आणि ते मिळवायला जनावर मारलंच जातं. राखाडी-तपकिरी पट्टे असलेला, टोकाला गडद कुंचला कुणी ‘खास माल’ म्हणून पुढे केला तर घेऊ नये. आज कृत्रिम तंतूंचे कुंचले इतके चांगले निघालेत की त्याला काहीच निमित्त उरलेलं नाही. बांधावर दिसणाऱ्या मुंगसाचं चित्र मुंगसाच्याच केसांनी काढणं मला तरी शक्य नाही.

मग शेळीचं व्यक्तिचित्र जमवायचं कसं? आपल्या शासकीय रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटमध्ये, स्मरणचित्र नावाचा विषय असतो. मुलं त्याची तयारी म्हणून बाजार, बसथांबा, विहीर असे ठरावीक देखावे पाठ करतात आणि त्यातली सगळी माणसं एकाच साच्याची निघतात. विषय मोलाचा आहे, पण त्याचा सराव बघण्यापासून सुरू व्हायला हवा. जनावराचं प्रत्येक चित्र हे स्मरणचित्रच असतं, कारण कागदाकडे मान वळवली त्या क्षणी समोरचं जनावर बदललेलं असतं.

पहिल्या दिवशी रंग नेऊच नयेत. पेन्सिल आणि स्वस्त वही पुरे. शेळी हलली की अर्धं राहिलेलं रेखाटन तसंच सोडून शेजारी नवं सुरू करावं. ती थोड्या वेळाने पुन्हा पहिल्या ढबीत येते, कारण जनावरांच्या ढबी मोजक्या असतात: चरणं, रवंथ, अंग खाजवणं, मागच्या पायांवर उभं राहून बोरीचा पाला ओढणं. मग अर्ध्या रेखाटनाकडे परतावं. पानभर अशी अर्धी रेखाटनं झाली की त्या शेळीचा स्वभाव कळायला लागतो. ती कळपात पुढे असते की मागे, कुणी जवळ आलं की कान कुठे वळवते, तिचं करडू कोणतं. मालकीणबाईंना विचारलं तर त्या तिचं नाव सांगतात आणि दोन खोड्याही. जलरंग त्यानंतर, घरी, एका बैठकीत, न थांबता. कोरी सोडायची जागा आधी ठरलेली असावी: शिंगावरचा उजेड, पाठीवरची कड, डोळ्यातला ठिपका. चष्मा, टोपी, छत्री, जे काही गमतीचं द्यायचं ते त्या शेळीच्या खोडीतून निघालेलं असेल तरच द्यावं.

मोबाइलने फोटो काढून त्यावरून रंगवणं सोपं वाटतं, आणि हल्ली बहुतेक जण तेच करतात. फोटोत शेळी एका क्षणापुरती असते, कॅमेऱ्याजवळचं तोंड अवाजवी मोठं येतं, आणि उन्हातली पाठ व सावलीतलं पोट यांतली एक बाजू जळते किंवा बुडते. फोटो घ्यायचाच असेल तर रेखाटनं झाल्यावर घ्यावा, आणि शिंगांचा पीळ तपासण्यापुरता वापरावा.